उस्मानाबादचं उत्तर आपण वाचलंच नाही

ऑक्टोबर हा स्तनांच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना उजाडला की शहरातल्या इमारतींवर गुलाबी रोषणाई होते, वर्तमानपत्रांत 'लवकर निदान म्हणजे जीवदान' अशा जाहिराती झळकतात. त्याच सुमारास कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर उलटा फॉरवर्डही फिरायला लागतो: कॅन्सरच्या तपासण्या म्हणजे रुग्णालयांचा धंदा, धडधाकट माणसाला पेशंट करायचा कारखाना. मग दोन तट पडतात. एकीकडे 'मावशीची गाठ वेळेत सापडली म्हणून ती आज आहे' असं सांगणारे. दुसरीकडे 'आमच्या शेजाऱ्यांना उगाच बायोप्सी करायला लावली, पैसे गेले, झोप गेली, निघालं काहीच नाही' असं सांगणारे. दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांच्याही सांगण्यावरून काहीही ठरत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्याला काहीही होत नाही अशा माणसाला 'ये, तपासून घे' असं म्हणण्याचा हक्क कुठल्याही चाचणीला आपोआप मिळत नाही. त्या चाचणीमुळे मृत्यू कमी होतात हे दाखवून तो कमवावा लागतो. ज्या चाचण्यांनी तो कमावलेला नाही त्या विकणं हा एक अपराध. ज्यांनी कमावला आहे त्या गावापर्यंत न पोचवणं हा दुसरा. आपल्याकडे दोन्ही एकाच वेळी, कधीकधी एकाच घरात घडतात: पुण्यात नोकरी करणाऱ्या भाचीच्या 'फुल बॉडी चेकअप'मध्ये चार-चार ट्यूमर मार्कर (कॅन्सरची चाहूल म्हणून रक्तात मोजले जाणारे घटक) आणि गावाकडच्या आत्याची आयुष्यात एकदाही तपासणी नाही. यातला दुसरा अपराध मला जास्त लाजिरवाणा वाटतो, कारण त्यासाठी लागणारा पुरावा जगाला आपल्याच मराठवाड्याने दिला.

तो पुरावा ज्यांच्या कामातून आला त्या डॉ. रेंगस्वामी शंकरनारायणन यांचं नाव मराठी वाचकाच्या कानावर क्वचितच पडलं असेल. मूळचे रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट. तिरुवनंतपुरमच्या रिजनल कॅन्सर सेंटरमध्ये काम केलं आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ फ्रान्समधल्या लिऑनला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेत, तपासणीविषयक संशोधनाची धुरा वाहिली. आयुष्यभर हा माणूस एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांत विचारत राहिला: ही तपासणी केली तर माणसं कमी मरतात का? ऐकायला साधा वाटतो, पण बहुतेक जण तो विचारतच नाहीत. 'कॅन्सर लवकर सापडला का?' एवढं विचारून थांबतात.

या दोन प्रश्नांतला फरक कळला नाही तर पुढचा सगळा वाद व्यर्थ. समजा एका बाईला 58व्या वर्षी त्रास सुरू झाला, निदान झालं आणि 61व्या वर्षी ती गेली. निदानानंतर तीन वर्षं जगली. आता तिचाच कॅन्सर तपासणीत 54व्या वर्षी सापडला, उपचार झाले, तरी ती 61व्या वर्षीच गेली असं धरा. आता ती निदानानंतर सात वर्षं जगली. 'पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण' शून्यावरून शंभर टक्क्यांवर गेलं आणि बाई एक दिवसही जास्त जगली नाही. जास्त जगली ती फक्त धास्तीत. जाहिरातींमधले बरेचसे आकडे याच जातीचे असतात. शिवाय जे कॅन्सर सावकाश वाढतात ते तपासणीच्या जाळ्यात हटकून सापडतात. झपाट्याने वाढणारे दोन तपासण्यांच्या मधेच डोकं वर काढतात. म्हणजे तपासणीत सापडलेल्यांचं मुळातच बरं चाललेलं असतं. या दोन्ही फसगतींतून सुटायचा रस्ता एकच. हजारो माणसांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, एकाची तपासणी करायची, दुसऱ्याची नाही, आणि वर्षानुवर्षं मृत्यू मोजत बसायचं.

शंकरनारायणन आणि त्यांचे सहकारी तेच करत बसले. केरळात 1996 पासून तेरा पंचायतींत तोंडाच्या कॅन्सरची तपासणी: आरोग्य कार्यकर्त्याने घरी यायचं, तोंड उघडायला लावायचं आणि उजेडात नीट बघायचं. 2005 साली आलेल्या निष्कर्षांत तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. सरसकट सगळ्यांचा हिशेब केला तर मात्र फरक खात्रीने सांगण्याएवढा नव्हता. तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी 'व्हीआयए' ही चाचणी लावली. तिथे 2007 साली निष्कर्ष आला की या कॅन्सरने होणारे मृत्यू 35 टक्क्यांनी घटले.

व्हीआयए म्हणजे काय ते जवळून बघायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचं टेबल, एक झगझगीत दिवा, कापसाच्या बोळ्यावर सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच. ते गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते नर्सने डोळ्यांनी बघायचं. प्रयोगशाळा नाही, अहवालाची वाट नाही. गरीब देशांना हे वरदानच वाटलं. शंकरनारायणन या पद्धतीचे जगातले मोठे पुरस्कर्ते. ती कशी करावी याच्या प्रशिक्षण पुस्तिकेचे ते सहलेखक.

आता उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि लिऑनची संस्था यांनी मिळून, गेट्स फाउंडेशनच्या पैशावर, जिल्ह्यातल्या 497 गावांत ही चाचपणी केली. गावांचे 52 समूह, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया आणि चार गट. एका गटात या कॅन्सरला कारण असलेल्या एचपीव्ही विषाणूची डीएनए चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), तिसऱ्यात व्हीआयए आणि चौथ्यात नेहमीचं, म्हणजे काहीच नाही. चाचणी प्रत्येकीची एकदाच. आठ वर्षांच्या हिशेबाअंती 2009 साली जे प्रसिद्ध झालं ते असं: काहीच न केलेल्या गटात या कॅन्सरने 64 मृत्यू, पॅपच्या गटात 54, व्हीआयएच्या गटात 56. एचपीव्हीच्या गटात 34. गट जवळपास सारखेच होते, तेव्हा मृत्यू जवळजवळ निम्मे. वाढलेल्या अवस्थेतले कॅन्सरही 82 वरून 39 वर आले. पॅप आणि व्हीआयए यांच्या गटांतली घट इतकी किरकोळ की ती योगायोगाचीही असू शकली असती.

ज्या पद्धतीसाठी शंकरनारायणन यांनी अर्धी हयात घालवली, तीच आपल्या स्वतःच्या अभ्यासात निष्प्रभ ठरली, आणि ते जसंच्या तसं स्वतःच्या नावाने छापलं. तपासणीवाले सगळे विकले गेलेले असतात असं म्हणणाऱ्यांनी या एका शोधनिबंधाकडे जरा टक लावून बघावं. तपासणीचा खरा टीकाकार कुठे सापडतो तर तपासणीच्या गंभीर अभ्यासकांमध्ये.

यावर एक रास्त आक्षेप येईल. दिंडिगुलला जी चाचणी चालली ती उस्मानाबादला का चालली नाही? मुंबईच्या वस्त्यांमध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि टाटाच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात तर व्हीआयएने मृत्यू 31 टक्क्यांनी घटले! मग संशोधक काहीही सिद्ध करू शकतात असंच ना? माझ्या मते इथेच सगळ्यात मोलाची गोष्ट हाती लागते. मुंबईत तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा झाली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना तयार केलं होतं आणि त्यांच्या कामावर सतत नजर होती. उस्मानाबादला एकच फेरी. डोळ्यांनी करायच्या चाचणीत बघणारे डोळे कोणाचे, किती सरावाचे, दिवसातल्या कितव्या बाईला बघताहेत, यावर सगळं अवलंबून. एचपीव्ही चाचणीत नमुना घ्यायचा आणि निकाल यंत्राने द्यायचा, त्यामुळे ती माणसाच्या थकव्याने फारशी बिघडत नाही. एकदाच केली तरी बराच काळ पुरते: उस्मानाबादमध्ये 'निगेटिव्ह' आलेल्यांत पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण पॅप आणि व्हीआयए गटांत एचपीव्हीच्या चौपटीहून जास्त निघालं. म्हणजे प्रश्न कधीच नुसत्या चाचणीचा नसतो. कोण करणार, किती वेळा करणार आणि सापडल्यावर पुढे काय करणार, हे मिळून जे बनतं ती तपासणी.

ब्रिटनने हा धडा महागात घेतला. तिथे पॅप स्मिअर 1960च्या दशकातच आली. वीसेक वर्षं लाखोंनी स्लाइड्स तपासल्या गेल्या आणि त्या मानाने मृत्यू फारसे हलले नाहीत, कारण वारंवार येणाऱ्या बायका त्याच त्या होत्या आणि धोका असलेल्या येतच नव्हत्या. 1988 साली संगणकावर यादी करून प्रत्येकीला पत्र पाठवायची पद्धत सुरू झाली. तपासणी झालेल्या स्त्रियांचं 42 टक्क्यांवरचं प्रमाण 1994 पर्यंत 85 टक्क्यांवर गेलं आणि मृत्यूंचा आलेख झपाट्याने उतरू लागला. चाचणी तीच होती. फरक पडला तो नोंदवहीने.

आता दुसऱ्या तटाकडे. तपासणीवर संशय घेणारे जे म्हणतात त्यात पुष्कळ तथ्य आहे आणि ते 'अंधश्रद्धा' म्हणून उडवून लावणाऱ्या डॉक्टरांचा मला राग येतो. दक्षिण कोरियात 1999 साली सरकारने कॅन्सर तपासणीची योजना आणली. थायरॉइड तिच्यात नव्हता. पण रुग्णालयांनी 'आलाच आहात तर' म्हणून थोडक्या पैशांत गळ्याची सोनोग्राफी जोडून द्यायला सुरुवात केली. 2011 पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण 1993च्या पंधरापट झालं. एका वर्षात 40 हजारांहून जास्त निदानं. मृत्यू? जिथल्या तिथे, वर्षाला चारशेच्याही आत. म्हणजे ज्या गाठींनी कधीच त्रास दिला नसता त्यांच्यापायी हजारोंच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या, त्यांच्या नशिबी जन्मभराची गोळी आली आणि काहींचा आवाजही बिघडला. जपानने तर 1984 पासून सहा महिन्यांच्या बाळांच्या लघवीची देशभर तपासणी केली, न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांना होणारा कॅन्सर शोधायला. सापडले भरपूर. पण त्यातले बरेच आपोआप जिरणारे होते, हे जर्मनी आणि कॅनडातल्या अभ्यासांनी दाखवल्यावर 2003 साली ती योजना बंद झाली. तोवर कित्येक तान्ह्या बाळांवर केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या. जपानी डॉक्टर दुष्ट होते का? मुळीच नाही. त्यांनी फक्त 'सापडतो का' एवढाच प्रश्न विचारला होता.

आपल्या सोसायटीच्या सूचनाफलकावर किंवा पॅथॉलॉजी लॅबच्या दारात लागलेलं चेकअप पॅकेजचं पत्रक वाचून बघा. साखर, कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन डी आणि खाली ठळक अक्षरांत 'कॅन्सर मार्कर्स': सीए 125, सीईए, पुरुषांसाठी पीएसए. घरी येऊन रक्त नेणार, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट, लाल रंगात बाण. सीए 125 मासिक पाळीत वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं, गरोदरपणातही वाढतं. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात पन्नास हजारांवर जणींमध्ये याच मार्करचा दरवर्षी अत्यंत काटेकोरपणे माग काढून बघितला. 2021 साली अंतिम निकाल आला. अंडाशयाचा कॅन्सर आधीच्या अवस्थेत सापडत होता, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. इतक्या चोख व्यवस्थेत जे साधलं नाही ते आपल्या गल्लीतल्या लॅबच्या एका बाणाने साधेल? लाल बाण बघून रात्रभर जागलेल्या बाईला या प्रश्नाचं उत्तर देणं कोणाचंच काम नसतं. पॅकेजच्या किमतीत ते धरलेलं नाही.

संशयवाद्यांचा याहूनही जड मुद्दा आहे तो उपचारांचा. गाठ हाताला लागते आहे, रक्तस्राव होतो आहे, अशा बायकांनाच महिनोन् महिने उपचार मिळत नसतील, तर ज्यांना काही होत नाही त्यांना शोधत कशाला फिरायचं? स्तनांच्या कॅन्सरच्या बाबतीत मी हा मुद्दा बराचसा मान्य करतो. टाटाचे डॉ. इंद्रनील मित्रा यांनी 1998 पासून मुंबईत दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) नाही, नुसती प्रशिक्षित कार्यकर्तीच्या हाताने तपासणी. वीस वर्षांनंतर, 2021 साली निकाल आला: पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी, त्याहून लहान वयात ठोस फायदा नाही. तेव्हा तिशीतल्या मुलींना दरवर्षी मॅमोग्राफीचा आग्रह करणाऱ्यांकडे या देशातला कसला पुरावा आहे? पण गर्भाशयमुखाचं गणित निराळं आहे. तिथे तपासणीत सापडतो तो कॅन्सर नसतोच बहुतेकदा. सापडतो तो वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊ शकेल असा बिघाड. तो काही मिनिटांत, भूल न देता, गोठवून किंवा उष्णतेने काढून टाकता येतो. म्हणजे इथे तपासणी कॅन्सर रुग्णालयातली गर्दी वाढवत नाही, कमी करते.

आणि तपासणी न करण्यालाही किंमत असते, जी संशयवादी मोजत नाहीत. उस्मानाबादच्या शेजारचा बीड जिल्हा घ्या. 2019 साली राज्याने नेमलेल्या समितीसमोर आलं की पाहणी केलेल्या सुमारे 82 हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती, आणि त्यात तरुण बाया होत्या. अंगावरून पांढरं जातं म्हणून डॉक्टरकडे जावं, तर 'पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल' असं ऐकवलं गेल्याचं अनेकींनी सांगितलं. तोडीला खाडा परवडत नाही, मुकादमाची उचल अंगावर असते, हे जोडीला होतंच. पण ज्या बाईच्या हातात एचपीव्ही निगेटिव्हचा कागद आहे तिला कॅन्सरची भीती घालणं तितकं सोपं राहिलं असतं का? तपासणी नसली म्हणजे भीती नसते असं थोडंच आहे? ती भीती मग ज्याला विकता येते तो विकतो.

उरतो तो सगळ्यात अवघड आक्षेप. चौथ्या गटाचं काय? 31,488 स्त्रियांना काहीही तपासणी न देता त्यांच्यातले मृत्यू मोजायचे, हे कोणत्या नीतीत बसतं? अमेरिकेतले डॉ. एरिक सुबा यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. पॅप स्मिअरचा उपयोग जगाला कधीच कळलेला होता, मग भारतातल्या गरीब बायकांना कोरं ठेवून पुन्हा काय सिद्ध करायचं होतं? समर्थकांचं उत्तर असं की त्या काळी भारतात 'नेहमीची सेवा' म्हणजे काहीच नाही हीच होती, अभ्यासाने कोणाचं असलेलं काढून घेतलं नाही. शिवाय पॅप इथल्या खेड्यात चालेल का हेच माहीत नव्हतं, आणि निकालाने तर ती एका फेरीत चालत नाही असंच दाखवलं. हे उत्तर तर्काला पटतं. तरीही मला ते पुरतं पचत नाही. काहीच नसणं हे सरकारचं अपयश होतं आणि त्याच अपयशाला अभ्यासाने पाया मानलं. अशा अभ्यासाचं नैतिक समर्थन शेवटी एकाच गोष्टीवर टिकतं: मिळालेल्या उत्तराचा त्या लोकांना उपयोग झाला का?

जगाला झाला. जागतिक आरोग्य संघटनेने 2021च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. उस्मानाबादचा अभ्यास या विषयातल्या चर्चेत हमखास निघतो. (त्याच चमूच्या एचपीव्ही लशीच्या अभ्यासाचं लसीकरण 2010 साली सरकारने मधेच थांबवलं, तेव्हा एकच डोस मिळालेल्या मुलींचाही माग त्यांनी सोडला नाही. एका डोसने भागतं हे जगाला पटवून देण्यात त्या मुलींच्या आकड्यांचा वाटा आहे.) आणि आपण? 2016 साली केंद्राने तिशीवरच्या सगळ्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीचा आराखडा आणला. गर्भाशयमुखासाठी निवडली व्हीआयए, तीही पाच वर्षांतून एकदा. म्हणजे जिथे मुंबईसारखी देखरेख नाही आणि दोन वर्षांनी पुन्हा फेरी नाही, तिथे नेमकी तीच चाचणी जी एका फेरीत उस्मानाबादला निष्प्रभ ठरली होती. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची कधी तरी तपासणी झालेल्या किती निघाल्या? 1.9 टक्के. चौथा गट संपलाच नाही, तो देशभर पसरला.

पैशाचं कारण तेव्हा खरं होतं. एचपीव्हीचं यंत्र आणि संच परदेशी आणि महाग होते. आज ते पुढे करणं कठीण आहे. पुण्यातल्या आणि गोव्यातल्या कंपन्यांनी बनवलेले देशी संच 2025 साली केंद्राने करवलेल्या पडताळणीत उतरले. गोव्याच्या कंपनीचं छोटं यंत्र तर क्षयरोगाच्या तपासणीसाठी ग्रामीण भागात आधीच वापरात आहे. नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो, त्यामुळे टेबलावर झोपायचा संकोचही आड येत नाही. पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा, एवढीच जागतिक आरोग्य संघटनेच्या निर्मूलनाच्या उद्दिष्टातली किमान अपेक्षा. आता लागतात त्या तीन गोष्टी: आशाताईंच्या हातात गावातल्या पात्र स्त्रियांची नावानिशी यादी, तालुक्याच्या ठिकाणी बिघाड जाळून काढायचं यंत्र आणि ते चालवणारी प्रशिक्षित व्यक्ती, आणि 'पॉझिटिव्ह' आलेली बाई पुढच्या पायरीवर पोचली की नाही हे विचारणारा जिल्ह्यात एक तरी जबाबदार अधिकारी. तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त, आणि शिबिरांचे फोटो काढणाऱ्या आपल्या यंत्रणेला तीच सगळ्यात जड जाते. सुरुवात करायचीच असेल तर पहिला जिल्हा कोणता असावा याबद्दल निदान दुमत होऊ नये.